एकखांबी तंबू

‘आमच्याकडे एक माणूस आहे, तो कॉम्प्युटरचे सगळे बघतो.’ महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या गावी जा. ठोक व्यापाऱ्याच्या पेढीत, खाजगी शिक्षणसंस्थेच्या कचेरीत, वाहतूकदाराच्या गाळ्यात हे वाक्य कानांवर पडल्यावाचून राहणार नाही. ते मोठ्या समाधानाने उच्चारले जाते. बोलणाऱ्याच्या स्वरात दोन सुखे एकत्र नांदत असतात: आपण आधुनिक झालो हे एक, आणि ते एकाच पगारात झालो हे दुसरे. मी असलाच एक ‘एक माणूस’ आहे. औषधांचा ठोक व्यापार करणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत गेली अकरा वर्षे मी एकटा प्रोग्रॅम लिहितो. कंपनीत साठ-सत्तर माणसे आहेत. त्यांतील प्रत्येकाचे काम समजणारा दुसरा कोणी तरी तेथे आहे; माझे काम समजणारा नाही. वरच्या वाक्याशी मला आज भांडायचे आहे. हे भांडण पगाराचे नव्हे आणि रजेचेही नव्हे, एवढे आधीच सांगून टाकतो. तसल्या भांडणासाठी दिवाळी अंकाची पाने अडवण्याचे काही कारण नाही.

एकट्या प्रोग्रॅमरचे हाल हा विनोदाचा विषय आहे आणि त्यातले बहुतेक विनोद खरेही आहेत. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला हाक येते. वायफाय बंद पडले की मला हाक येते. शेठजींच्या धाकट्या चिरंजीवांच्या मोबाईलवर लग्नाचे फोटो दिसेनात, तेव्हाही मलाच हाक आली होती. गावात एकच शिकलेला माणूस असला की तो पत्रेही वाचतो, पंचांगही बघतो आणि कोर्टाचे कागदही लिहून देतो. त्यातलाच हा प्रकार. त्याचे मला दुःख नाही. माझी तक्रार निराळी आहे. ती अशी की, मी जे लिहितो ते कोणीही वाचत नाही.

प्रोग्रॅम हे लिखाण आहे, हे अजून आमच्या व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलेले नाही. त्यांना ते यंत्र वाटते. पंखा बसवला, कळ दाबली, फिरू लागला; तसे काही तरी. वस्तुतः तो एक लांबलचक नियमांचा ग्रंथ असतो. आमच्याच धंद्याचे पाहा. औषधाची गोळी एक असली तरी ती गोदामात एक वस्तू नसते. तिची प्रत्येक बॅच निराळी, बॅचची मुदत निराळी, छापील किंमतही कधी कधी निराळी. त्यावर औषध कंपन्यांच्या योजना असतात: दहा पट्ट्यांवर एक फुकट. बिलात दहा लिहायच्या, गोदामातून अकरा काढायच्या. पुढे वर्ष-दीड वर्षाने मुदत संपून माल परत आला, तर त्या अकराव्या पट्टीचे पैसे धरायचे की नाही? प्रत्येक औषध कंपनीचे उत्तर निराळे. आणि मौज अशी की पुष्कळदा ते कोठे छापलेलेही नसते. कंपनीच्या प्रतिनिधीने कधी तरी मार्च महिन्याच्या धांदलीत ते फोनवर सांगितलेले असते. मी ते ऐकतो आणि प्रोग्रॅममध्ये लिहितो. लिहिले की तो नियम झाला. त्या दिवसापासून तालुक्याच्या गावी औषधाचे छोटे दुकान चालवणाऱ्या माणसाला किती रुपये परत मिळतील हे त्या ओळीने ठरते. त्याला ती ओळ दिसत नाही, आमच्या संचालकांना दिसत नाही, आमच्या हिशेबनिसालाही दिसत नाही. संचालक मंडळ ठराव करते, वृत्तांत लिहिते, सह्या करते. पण कंपनीचा रोजचा कायदा मी करतो, आणि तो करण्यासाठी मला कोणी निवडून दिलेले नाही.

गेल्या काही वर्षांत हा कायदा फार वेगाने बदलू लागला आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांना सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद करून क्रमांक मिळवणे सक्तीचे झाले. मग ती मर्यादा पायरी पायरीने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. ५ कोटी म्हणजे औषधांच्या ठोक व्यापारात काही फार मोठी उलाढाल नव्हे. म्हणजे ज्या पेढीत काल लांब खतावणी आणि एक चष्मेवाले मुनीमजी होते, तिचे बिल आज यंत्राशी यंत्र बोलल्याशिवाय निघत नाही. ‘एक माणूस’ ही जात अशी वाढली आहे. ती हौसेने वाढलेली नाही.

आता २०२५ च्या सप्टेंबरमधली गोष्ट घ्या. गणपती अजून उठायचे होते. ३ तारखेला जीएसटी परिषदेने दर बदलले आणि २२ तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, ते अमलात आले. १२ टक्क्यांची बहुतेक औषधे ५ टक्क्यांवर आली. ३३ औषधे १२ वरून शून्यावर गेली. लोकांना वाटते की यात काय मोठे, बाराच्या जागी पाच लिहायचे! पण दर औषधाला चिकटलेला नसतो, तो तारखेला चिकटलेला असतो. २० तारखेला विकलेला माल २५ तारखेला परत आला, तर त्या बिलावरची जमाचिठ्ठी जुन्याच दराने काढावी लागते. एकच डबा, एकच बॅच. जाताना एक दर, दुसऱ्या डब्याला दुसरा, आणि परत येताना कोणता ते त्याच्या मूळ बिलाला विचारायचे. हजारो औषधांच्या बाबतीत हे सगळे मी बदलले. घटस्थापनेच्या सकाळी नऊ वाजता पहिले बिल निघाले आणि ते बरोबर निघाले. सगळ्यांनी पेढे खाल्ले. परंतु ते बरोबर होते हे ठरवले कोणी? ज्याने लिहिले त्यानेच. परीक्षा देणारा मी, पेपर तपासणारा मी आणि पहिला नंबर आल्याचे जाहीर करणाराही मीच!

आता याच कचेरीत माझ्या टेबलापासून दहा पावलांवर रोखपाल बसतो. त्याच्या पेटीत संध्याकाळी जेमतेम वीस-पंचवीस हजार रुपये असतात. ती रक्कम तो मोजतो, मग हिशेबनीस मोजतो, मग रोकडवहीवर दोघांच्या सह्या होतात. महिन्याला व्यवस्थापक अचानक येऊन पेटी उघडायला लावतात. वर्षाकाठी सनदी लेखापालांची माणसे येऊन आठवडाभर चहा पितात आणि व्हाउचरे चाळतात. रोखपालाला याचा राग येत नाही. किंबहुना दुसऱ्याची सही नसली तर तोच पेटीला हात लावायचा नाही. शेकडो वर्षांच्या व्यापाराने शिकवलेले हे शहाणपण आहे. मग जो प्रोग्रॅम त्या वीस हजारांच्या हजारपट रकमा रोज इकडून तिकडे फिरवतो, त्याच्यापाशी येताच हे शहाणपण कोठे जाते?

सरकारलाही हा प्रश्न अर्धाच सुचला आहे. कंपन्यांच्या हिशेबांच्या नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून असे बंधन आले की, कंपनी जे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरील त्यात प्रत्येक नोंदीतला प्रत्येक बदल तारखेसह नोंदला गेला पाहिजे आणि ती नोंदणी कोणाला बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला यावर अहवालात लिहावे लागते. नियम उत्तम आहे. आमच्या हिशेबनिसाने एका बिलात दोन रुपये बदलले तरी त्याची खूण आता कायमची राहते. पण बेरीज करण्याची रीतच मी उद्या बदलली तर? लेखापरीक्षकांच्या तरुण सहायकाने मला विचारले होते, ‘ही बदलांची नोंद चालू आहे ना?’ मी म्हणालो, चालू आहे. ती चालू ठेवणारा भाग कोणी लिहिला हे त्याने विचारले नाही. शब्दावर विश्वास ठेवून त्याने चौकटीत खूण केली. माझा शब्द खरा होता, हा कंपनीच्या नशिबाचा भाग झाला, व्यवस्थेचा नव्हे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आम्ही काही सॉफ्टवेअरवाले नव्हे, आमचा धंदा औषधांचा. या आक्षेपाला इतिहासात फार सुंदर उत्तर आहे. व्यापारी कामासाठी रोज राबणारा जगातला पहिला संगणक इंग्लंडात १९५१ साली चालू झाला, आणि तो बनवून घेणारी कंपनी कोणती? जे. लायन्स आणि कंपनी. धंदा काय, तर चहाची दुकाने आणि केक! केंब्रिज विद्यापीठातल्या यंत्राचा आराखडा पाहून त्यांनी ‘लिओ’ नावाचा आपला संगणक उभारला आणि त्याला पहिले काम दिले ते बेकरीच्या मालाचे मोल काढण्याचे. पण त्या चहावाल्यांनी ‘एक माणूस ठेवला आहे, तो बघतो’ असे म्हटले नाही. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने तपासायचा, ही शिस्त त्यांनी पहिल्यापासून पाळली. कारण ते मुळात हिशेबी लोक होते. एका सहीचा कागद त्यांना कधीच चालला नसता. म्हणजे हे शहाणपण सॉफ्टवेअरवाल्यांनी व्यापाऱ्यांकडूनच घेतलेले आहे, आणि आमचे व्यापारी म्हणतात ते आपले नव्हे. पुढे १९७६ साली आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी चार माणसांनी तो ओळीने वाचून दोष काढण्याची रीतसर पद्धत प्रसिद्ध केली. आज हिंजवडीत कालपरवा नोकरीला लागलेल्या पोराचे लिखाणही दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. अकरा वर्षांत माझी एक ओळही कोणी वाचलेली नाही.

दुसरा आक्षेप गोड असतो आणि म्हणून अधिक घातक. ‘अहो साहेब, तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. तुमच्याशिवाय येथे पान हलत नाही.’ ही स्तुती ऐकून सुखावणारे माझे व्यवसायबंधू पुष्कळ आहेत. काहींनी तर तिची शेती केली आहे. ते मुद्दाम काही लिहून ठेवत नाहीत, नावे अशी ठेवतात की दुसऱ्याला बोध होऊ नये, आणि पगारवाढीच्या महिन्यात सर्व्हर जरा मंद चालतो. या लोकांविषयी मला काडीचीही सहानुभूती नाही. ज्या कंपनीने आपली सगळी स्मृती एका डोक्यात ठेवली तिला असा माणूस भेटला तर तो तिच्या कर्माचा भाग आहे, पण म्हणून त्याचे वर्तन प्रामाणिक ठरत नाही. आणि जो प्रामाणिक आहे त्याचे तरी काय होते? त्याला कोणी चूक म्हणत नाही, म्हणून बरोबर म्हणणाराही कोणी उरत नाही. गवय्याला समोर जाणकार लागतो, कुस्तीगीराला जोड लागते. एकट्याने तालमीत दंड-बैठका काढत अकरा वर्षे घालवली तर अंग कमावता येईल, डाव येणार नाहीत.

शिवाय ‘पान हलत नाही’ या वाक्याचा अर्थ लावून पाहावा. तो माणूस मेला तर पान हलणार नाही, असाच तो अर्थ आहे.

हे मी अलंकारिक बोलत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, शेजारच्या जिल्ह्यातला माझ्यासारखाच एक एकटा प्रोग्रॅमर गेला. वय एकेचाळीस. खते आणि बियाण्यांच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे तो होता. खरिपाची खरेदी तोंडावर आलेली. नवव्या दिवशी त्याच्या बायकोला पेढीतून फोन आला: ‘वहिनी, वेळ अशी आहे, विचारू नये, पण त्यांचा पासवर्ड कोठे लिहिलेला असेल काय?’ फोन करणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याचा स्वर रडवेला होता असे त्या मला पुढे म्हणाल्या. पासवर्ड गॅस सिलिंडरच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर सापडला. ती पेढी मग माझ्याकडे आली, आणि सहा रविवार मी त्याचे लिखाण वाचत बसलो.

ते चांगले लिखाण होते. नीटनेटके, जपून लिहिलेले. जिवंतपणी आम्ही दोनदा भेटलो होतो आणि दोन्ही वेळा पगाराविषयी बोललो होतो. त्याच्या बुद्धीची ओळख मला तो गेल्यावर झाली. हे मी त्याला सांगू शकलो असतो, असे सारखे मनात येई. एके ठिकाणी अशी ओळ होती की, माल एका विशिष्ट गोदामातला असेल तर तारखेत एक दिवस मिळवावा. आणि तिच्या डोक्यावर त्याने मराठीत लिहिले होते, ‘हे काढू नका.’ एवढेच. का, ते नाही. मी पेढीतल्या सगळ्यांना विचारले. ते गोदाम बंद होऊन चार वर्षे झाली होती. गोदामाचा कारकून आपल्या गावी गेला होता. त्यालाही फोन लावला, त्याला काही आठवेना. ती ओळ मी काढली नाही. ती आजही तेथे आहे आणि रोज चालते.

पीटर नाउर नावाच्या डॅनिश संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले की, प्रोग्रॅमचा लिहिलेला मजकूर ही दुय्यम वस्तू आहे. तो लिहिताना लिहिणाऱ्यांच्या मनात त्या कामाविषयी जी समज उभी राहते ती खरी. ती समज बाळगणारी माणसे पांगली की प्रोग्रॅम मेला. यंत्र तो चालवत का असेना. नाउर अनेक माणसांविषयी बोलत होते. एक गेला तरी त्यांच्या हिशेबात चार उरतात. आमच्या हिशेबात शून्य उरते.

अलीकडे तिसरा आक्षेप निघाला आहे आणि तो फार झोकात मांडला जातो: आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, तो एक माणूस तरी कशाला हवा? मी ही साधने रोज वापरतो आणि त्यांची निंदा करणार नाही. जे लिहायला मला दिवस लागे ते ती मिनिटात लिहून देतात. पण मग वाचायचे किती वाढले! पूर्वी एकट्याने लिहिलेले एकटाच वाचत होता. आता न थकणाऱ्या यंत्राने लिहिलेले तोच थकलेला एकटा वाचतो. यंत्राला मी लिखाण तपासायलाही देतो, आणि ते कधी कधी चांगली शंका काढते. पण अकराव्या पट्टीविषयी त्या प्रतिनिधीने मार्चमध्ये फोनवर काय सांगितले, हे त्याला मी सांगेन तेवढेच कळते. आणि मी खोटे सांगितले तर ते खोट्यावर विश्वास ठेवते. तसा विश्वास तर मला आमच्या शेठजींकडूनही मिळतोच आहे.

राहिला खर्चाचा मुद्दा. दोन प्रोग्रॅमर ठेवणे लहान कंपनीला परवडत नाही हे खरे आहे, आणि मी ते मागतही नाही. ज्यांचे भागत असेल त्यांनी खुशाल तयार सॉफ्टवेअर विकत घ्यावे. मात्र त्यात ‘आमच्यापुरते जरा बदलून’ घेतले की तेथेही एक माणूस उभा राहतो, हे विसरू नये. माझी मागणी लेखापालाच्या धर्तीची आहे. सनदी लेखापाल काही कोणी पगारी ठेवत नाही. तो बाहेरून येतो, वह्या बघतो, फी घेतो आणि जातो. तसाच एक वाचणारा हवा, महिन्यातून दोन दिवस. मी काय बदलले आणि का बदलले हे मी साध्या मराठीत लिहून ठेवीन. त्याने ते लिखाणाशी ताडून पाहावे आणि पटले नाही तर तसे लिहावे, माझ्या तोंडावर आणि संचालकांच्या समोर. शिवाय वर्षातून एकदा, मी गावात नसताना, त्याने कोऱ्या यंत्रावर आमचा सगळा डोलारा साठवणीतल्या प्रतीवरून उभा करून दाखवावा. उभा राहिला नाही तर मला फोन करू नये. काय नडले ते लिहून ठेवावे.

दर दिवाळीला आमच्या कचेरीत लक्ष्मीपूजन होते. पूर्वी चोपड्यांना गंध-फूल वाहत. आता सर्व्हरच्या पेटीला वाहतात, आणि गुरुजी अक्षता टाकताना मी हळूच हवेची जाळी रुमालाने झाकतो. चोपडी होती तेव्हा पूजेला बसलेल्या निदान चार जणांना ती वाचता येत होती.

शेठजींशी मी हे सगळे बोललो आहे. ते विचारी गृहस्थ आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे तुमच्यावर आम्ही माणूस नेमायचा? तुम्हाला वाईट नाही वाटणार?’ मी रोखपालाकडे बोट दाखवले. मग त्यांनी दोन दिवसांची फी विचारली. मी आकडा सांगितला; कचेरीतली वातानुकूलन यंत्रे आणि जनित्र यांच्या देखभालीला आम्ही जे देतो त्याहून तो कमी आहे. ‘दिवाळीनंतर बघू,’ ते म्हणाले. ती दिवाळी होऊन गेली, नंतरची एकही गेली. मी माझ्यापुरती तयारी करून ठेवली आहे. प्रत्येक बदलापुढे तारीख आणि कारण लिहून झाले आहे. तो माणूस येईल तेव्हा सप्टेंबर २०२५ च्या जमाचिठ्ठ्यांचा भाग त्याला आधी दाखवायचा, असे ठरवले आहे, कारण तो भाग मला सगळ्यांत जास्त पटलेला आहे.